कालवांचे आकडे बाजारात लावा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मी २६ वर्षे गोव्यातल्या मांडवी नदीवरच्या खनिजवाहू बार्जींवर काम केले. पावसाळ्यात बार्ज यार्डात चढली की तळाला चिकटलेली कालवे (खाण्याचे शिंपले) खरवडायची आणि नवा रंग मारायचा. त्या रंगात तांबे असते, त्यामुळे तळाला शिंपले धरत नाहीत. रंग झिजला की पुन्हा बसतात. खरवडलेला जुना रंग आम्ही काठावरच टाकायचो, भरती तो घेऊन जायची. आज सून बाजारातून कालवे आणते, नात आवडीने खाते, तेव्हा तो रंग माझ्या डोळ्यांसमोर येतो.

कालवे आणि शिणाणे (हाही खाण्याचा शिंपलाच) एका जागी चिकटून राहतात आणि पाणी गाळून जगतात. पाण्यातले तांबे, कॅडमियम, शिसे असे धातू त्यांच्या मांसात साठत जातात. बाटलीतले पाणी तपासले तर त्या घटकेपुरते कळते, ओहोटीला एक आणि भरतीला दुसरे. कालवाच्या मांसात मात्र मागच्या कित्येक महिन्यांचे पाणी मुरलेले असते. एडवर्ड गोल्डबर्ग या शास्त्रज्ञाने १९७५ साली शिंपल्यांवरून किनाऱ्यावर नजर ठेवण्याची कल्पना मांडली, आणि १९८६ पासून अमेरिकेत ते काम सरकारी पातळीवर चालू झाले. त्याच वर्षी तैवानमध्ये भंगारातून तांबे काढणाऱ्या धंद्यांमुळे कालवे चक्क हिरवी पडली होती. पण हिरवी पडेपर्यंत थांबायचे कशाला?

माझी मागणी अशी. बेती, रायबंदर, सांकवाळ, चिखली अशा ठरलेल्या जागांवरून दरवर्षी पावसाळ्याआधी आणि नंतर कालवांचे नमुने घेऊन त्यांतले धातू मोजावेत. जात एकच हवी, कारण कालवात जस्त मुळातच शिणाण्यांपेक्षा खूप जास्त असते, दोघांची तुलना केली तर उगाच घबराट होईल. आकारही सारखाच हवा. दोनापावला येथे १९६६ साली स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, म्हणजे जाणकार माणसे घरचीच आहेत. आकडे मात्र मासळी बाजारात फळ्यावर लागावेत, मराठीत आणि कोकणीत. नुसती अफवा उठली तरी कालवे काढणाऱ्या बायकांचा माल दिवसभर पाटीत पडून राहतो. फळ्यावर आकडा असला तर त्यांना गिऱ्हाइकाला दाखवता येईल.

पहिल्या फेरीला होडीत माणूस कमी पडला तर मी येईन. कुठल्या खांबांना कालवे धरतात ते मला ठाऊक आहे.

आपला,
एक निवृत्त बार्ज कामगार, बेती