पिवळ्या चिकट सापळ्यांऐवजी आलेले निळे सापळे आणि न चिकटणारा गोंद यांबाबत तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

महोदय,

मी जुन्नर तालुक्यातला भाजीपाला करणारा शेतकरी आहे. दहा गुंठे मुळ्यासाठी आपल्या संकेतस्थळावरून पिवळ्या चिकट सापळ्यांचे दोन खोके मागवले. पैसे आगाऊ भरले. आले ते एक खोके पिवळे आणि एक निळे. बाहेरच्या लेबलवर दोन्हीकडे ‘पिवळे’ असेच छापलेले आहे, म्हणजे घोळ तुमच्या गोदामातला आहे.

फोन केला तर तुमच्या प्रतिनिधी म्हणाल्या, “सर, निळे पण चालतात, किडे काय रंग बघतात का?” बघतात, बाई. निळा सापळा मी दरवर्षी कांद्यात लावतो, फुलकिड्यांसाठी. मुळ्यावर मला त्रास आहे तो पिसू भुंगेऱ्यांचा आणि पंखवाल्या माव्याचा, आणि हे दोन्ही पिवळ्याकडे ओढले जातात. कीटकांचे सापळे विकणाऱ्या कंपनीच्या माणसांना एवढे ठाऊक असावे, ही अपेक्षा फार नाही.

आता जे पिवळे आले त्यांच्याविषयी. वरचा कागद सोलला तेव्हा अर्धा गोंद कागदाबरोबरच निघाला. उरलेला दुपारच्या उन्हाने पातळ होऊन खालच्या कडेला ओघळला. हे धुळीमुळे झाले असे उत्तर येईल म्हणून सांगतो, सापळे लावले त्याच दिवशी हे झाले आणि पिकाला नुकतेच पाणी दिले होते. संध्याकाळी वाकून पाहिले. दोन मिलिमीटरचा काळा चकचकीत भुंगेरा पत्र्यावर बसला, क्षणभर थांबला आणि मागच्या जाड पायांवर टुणकन उडून शेजारच्या रोपावर गेला. पाहुणचार घेऊन गेला म्हणा ना! खालची पाने तोवर सुईने टोचल्यासारखी झाली होती.

मुळा बाजारात जुडीने जातो, पाल्यासकट. गिऱ्हाईक आधी पाला बघते, कारण त्याचीही भाजी होते. पानांची चाळण झालेली जुडी व्यापारी बाजूला टाकतो, खाली मुळा कितीही पांढराशुभ्र असो. पाला खाल्ला जातो म्हणूनच औषध मारायचे टाळून मी सापळ्यांवर पैसे घातले. शेवटी निंबोळी अर्काची फवारणी करावीच लागली.

तुम्ही ‘21 दिवसांत बदली माल’ देऊ केला आहे. पुसा चेतकी मुळा 40 ते 45 दिवसांत काढणीला येतो, आणि भुंगेऱ्यांचा खरा मार रोप दोन पानांवर असताना बसतो. तीन आठवड्यांनी येणारा सापळा माझ्या काय कामाचा? बदली माल नको, पैसे हवेत.

खोक्यावर ‘सर्व किडींवर 100 टक्के नियंत्रण’ असे लिहिले आहे. चिकट सापळा फक्त उडणारी कीड पकडतो. पानाखाली बसलेला बिनपंखी मावा किंवा पान कुरतडणारी काळ्या माशीची अळी त्याच्याकडे फिरकतही नाही. हे वाक्य वाचून नवखा शेतकरी दुसरे काही करणारच नाही आणि पीक घालवून बसेल. ते काढून टाका. ‘पिकाच्या वर दीड फूट टांगा’ ही सूचनाही टोमॅटोची वाटते. वीतभर मुळ्याला सापळा पानांच्या लगत लागतो.

माझे म्हणणे असे: दोन्ही खोक्यांची पूर्ण रक्कम, पाठवणीच्या खर्चासह, ज्या खात्यातून भरली त्याच खात्यात परत करावी. निळे सापळे तुमच्या माणसाने घरून न्यावेत, त्याचे भाडे मी देणार नाही.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, 2020 प्रमाणे तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवे. तसे झाले नाही तर मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर नोंद करीन आणि पुढे जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. शेतकरी ग्राहक होत नाही, असे फोनवर सुचवले गेले. स्वतः राबून पोटापाण्यासाठी घेतलेली वस्तू कायद्यात ग्राहकाचीच धरली जाते.

सोबत: पावती, दोन्ही खोक्यांच्या लेबलांचे व ओघळलेल्या गोंदाचे फोटो.

आपला,
एक ग्राहक, ता. जुन्नर, जि. पुणे