बातुमीहून बाबांना

बातुमी, जॉर्जिया
५ ऑक्टोबर

तीर्थरूप बाबांस,
मृणालचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

मागच्या रविवारी फोनवर तुम्ही विचारलेत की, डॉक्टर व्हायला गेलेल्या मुलीने सुट्टीच्या दिवशी डोंगरावर बसून घारी मोजण्यात काय हशील आहे. तेव्हा मी हसून वेळ मारून नेली; पण प्रश्न रास्त आहे, म्हणून हे सविस्तर उत्तर. अभ्यास सुटलेला नाही, एवढे आईला आधी सांगावे.

बातुमी काळ्या समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावर आहे. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला लघु कॉकेशसचे ढगांत बुडालेले डोंगर आणि मध्ये चिंचोळी पट्टी, अशी इथली रचना आहे. घारी, गरुड यांसारखे रुंद पंखांचे पक्षी हजारो किलोमीटर पंख मारत जात नाहीत. उन्हाने तापलेल्या जमिनीवरून वर चढणाऱ्या हवेत ते घिरट्या घेत उंची गाठतात आणि तिथून पंख स्थिर ठेवून पुढच्या झोतापर्यंत उतरत जातात. समुद्रावर असे झोत मिळत नाहीत, त्यामुळे रशिया आणि पूर्व युरोपच्या अफाट मुलखात विखुरलेले हे पक्षी आफ्रिकेकडे जाताना याच पट्टीत गोळा होतात. ठाणे स्टेशनात सगळ्या फलाटांवरची गर्दी जशी एकाच पुलावर येते, तसेच हे आहे. जंगलातली एकेक घरटी शोधून या पक्ष्यांची शिरगणती करणे अशक्यप्राय. पुलावर उभे राहिले की काम होते.

सखालवाशो आणि शुआम्ता या दोन गावांजवळच्या टेकड्यांवरून २००८ पासून ही मोजणी चालते. ती काही तरुण बेल्जियन पक्षीनिरीक्षकांनी सुरू केली आणि आज देशोदेशीचे स्वयंसेवक त्यासाठी येतात. बहुतेक हंगामांत आकडा दहा लाखांच्या पुढे जातो. ऑगस्टच्या अखेरीस आणि सप्टेंबरच्या आरंभी मोहोळ घारींचा लोंढा येतो (आपल्या येऊरच्या जंगलात दिसते तिची ही युरोपीय बहीण, हीसुद्धा गांधीलमाश्यांची पोळी फोडून अळ्या खाते), मग काळ्या घारी आणि सप्टेंबर सरता सरता स्टेप बझर्ड नावाचे शिकारी पक्षी. काळी घार म्हणजे आपल्या गच्चीवरून रोज दिसणारी घारच. जात तीच, फक्त इथली प्रवासी आहे.

मोजण्याची रीत मला विशेष आवडली. घिरट्या घालणारा थवा कधीही मोजायचा नाही, कारण त्यात कोण कितव्यांदा फिरून आला हे कळत नाही. थवा झोताच्या माथ्यावर पोहोचून एकामागोमाग एक रांगेने निघाला की, आकाशात मनाशी आखलेली रेघ जो पक्षी ओलांडेल तेवढाच हातातल्या यंत्रावर टिपायचा. लोंढा मोठा असेल तर दहा-दहाच्या हिशेबाने. दोन टेकड्यांवरची माणसे एकमेकांशी बोलत राहतात, म्हणजे एकच थवा दोनदा नोंदला जात नाही. जाती ओळखण्याचे काम अनुभवी लोक करतात. माझ्याकडे बहुधा यंत्र असते. ओळख पटली नाही तर ‘अनोळखी शिकारी पक्षी’ असाच रकाना भरायचा, अंदाजाने गरुड लिहायचा नाही. रुग्णाची लक्षणे लिहून घेताना आम्हाला हीच शिस्त शिकवतात.

आता हशील. आईच्या गुडघ्याला लावायच्या मलमात डायक्लोफेनॅक असते, ते तुम्हाला ठाऊक आहे. तेच औषध आपल्याकडे गुरांना सर्रास देत असत. औषध दिलेले जनावर मेले आणि गिधाडांनी खाल्ले की त्यांचे मूत्रपिंड निकामी होऊन ती मरत. पण हे कारण शोधायला कोणी निघाले, ते आधी आकडे हाताशी होते म्हणून. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या विभू प्रकाश यांनी भरतपूरला गिधाडांच्या नोंदी ठेवल्या होत्या. १९९०च्या दशकाच्या आरंभी देशभरातल्या रस्त्यांवरून शिकारी पक्ष्यांची मोजणी झाली होती आणि २००० साली त्याच वाटांनी ती पुन्हा केली गेली. पांढऱ्या पाठीची गिधाडे १९९२ ते २००७ या काळात ९९ टक्क्यांहून अधिक घटली. औषधाचा दोष २००४ मध्ये सिद्ध झाला आणि २००६ मध्ये गुरांसाठी त्याच्यावर बंदी आली. जुनी मोजणी नसती तर ‘हल्ली गिधाडे दिसत नाहीत’ एवढेच आपण म्हणत बसलो असतो.

इथे औषधापेक्षा बंदुकीची भीती अधिक आहे. कायद्याने मनाई असूनही खेड्यांत शिकारी पक्षी पाडतात आणि टेकडीवर बसलेले असताना गोळीचा आवाज आला की सगळे क्षणभर गप्प होतात. स्वयंसेवक मात्र गावातल्याच घरांत पैसे देऊन राहतात, त्यामुळे जिवंत पक्ष्यांवरही चार घरांची चूल पेटते, हे गावकऱ्यांना दिसते. नागालँडमधल्या पांगती गावात २०१२ साली अमूर ससाण्यांची बेसुमार कत्तल झाली आणि पुढच्याच वर्षी गावकऱ्यांनी ती थांबवली. त्यामुळे इथेही आशा ठेवायला जागा आहे, असे मला वाटते.

तुमच्याकडे एक मागणे आहे. हिवाळ्यात ठाणे खाडीवर दलदली भोवत्या आणि मासे पकडणारी कैकर हे शिकारी पक्षी येतात, अधूनमधून ठिपक्यांचा मोठा गरुडही. तुम्ही निवृत्त आहात आणि ऐरोलीच्या पुलाकडे फिरायला जाताच. जाल तेव्हा वहीत तारीख, वेळ, वारा आणि दिसलेले पक्षी लिहावेत. काहीच दिसले नाही तर शून्य लिहावे, पान कोरे सोडू नये. वही नियमित राहिली तर मी सुट्टीत आल्यावर तिचा तक्ता करू. दुर्बीण माझ्या कपाटाच्या वरच्या खणात आहे. भिंगे कृपया सदऱ्याच्या टोकाने पुसू नयेत, तिच्या डब्यातच मऊ फडके आहे.

आईस नमस्कार.

आपली,
मृणाल