इंची पाने

कॉव्हेंट्री, इंग्लंड

तीर्थरूप बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा तुम्ही विचारलंत, एवढी जुनी गाडी कशाला? फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहितोय.

दोन गाड्या पाहिल्या. पहिली १९७२ची एमजीबी. लाल, दोन सीटची, उघड्या टपाची. १७९८ सीसी इंजिन, एसयू कंपनीचे दोन कार्बोरेटर. इतकी बुटकी, की बसल्या बसल्या हात रस्त्याला लागेल. स्टिअरिंगला खेळ नाही. वळायचं मनात आणलं की वळते. चालवायला हीच सरस, यात वाद नाही. उतरावंसंच वाटेना. पण तुम्ही शिकवलंत तसा आधी गाडीखाली आडवा झालो. हिला वेगळी चासी, म्हणजे खालचा सांगाडा, नाही; सगळा भार बॉडीवर. दारांखालच्या पट्ट्या सडल्या की गाडीचा कणाच गेला, आणि तिथेच रंगाखाली फुगवटे होते.

दुसरी १९७६ची लँड रोव्हर, सिरीज थ्री. चारही चाकांना स्प्रिंगचे पाटे, चारही ड्रम ब्रेक. जरा वेग घेतला की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. बॉडी अ‍ॅल्युमिनियमची, कारण १९४८ साली ती निघाली तेव्हा इथे पोलादाची टंचाई होती. चासी मात्र पोलादी. हातोडीने ठोकत गेलो. सगळीकडे टणटणीत, फक्त मागच्या आडव्या पट्टीच्या एका कोपऱ्यात भद्द आवाज. तेवढा तुकडा कापून नवा वेल्ड करता येईल.

आणि बाबा, रोव्हर कंपनीचे इंजिनिअर मॉरिस विल्क्स यांच्या शेतावर दुसऱ्या महायुद्धातली विलिज जीप होती. लँड रोव्हरचा पहिला नमुना त्यांनी जीपच्याच चासीवर बांधला! तीच विलिज महिंद्रांनी माझगावात जोडली आणि लालबागच्या गॅरेजात तुम्ही जन्मभर उघडलीत. मी शेजारी बॅटरी धरून उभा असायचो. इथे बॉनेट वर केल्यावर एकही गोष्ट परकी वाटली नाही.

तेव्हा लँड रोव्हरच घेतोय. चाळीस वर्षांवरच्या गाडीला इथे रोड टॅक्स लागत नाही, हे आईला आवर्जून सांगा.

एक काम आहे. या गाडीला मिलिमीटरचे पाने चालत नाहीत. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीतले तुमचे इंची पाने दादाबरोबर पाठवा. सात-सोळांश, अर्धा आणि नऊ-सोळांश इंचाचे तर हवेतच. चेक-इनच्या बॅगेत ठेवायला सांगा, हातातल्या सामानात जाऊ देणार नाहीत. अर्ध्याच्या पान्याला तुम्ही गुंडाळलेली तांब्याची तार तशीच राहू दे. गाडीखाली अंधारात तो मला त्या तारेवरूनच सापडतो.

तुमचा,
बाळ्या