व्ह्यू-मास्टरमधला हत्ती

दादर (पश्चिम),
रविवार दुपार, बाहेर पावसाची झड

प्रिय नंदू,

तुझे तीनही निरोप पोचले. "गेम चालू होतो, हेडसेट चालू होतो, पण दोघं एकमेकांना ओळखच देत नाहीत," हे वाचून हसू आलं, कारण चार महिन्यांपूर्वी माझीही हीच रड होती. फोनवर सांगितलं असतं, पण तुझ्याकडे रेंज आणि माझ्याकडे सवड या दोन गोष्टी एका वेळी कधी भेटत नाहीत. शिवाय तुला एक कबुलीही द्यायची आहे आणि ती फोनवर तोंडातून बाहेर पडणार नाही. आधी तुझं काम.

साध्या पडद्यासाठी केलेल्या गेमला हेडसेट, म्हणजे डोळ्यांवर चढवायचा व्हीआरचा डबा, नावाची वस्तू जगात आहे हेच ठाऊक नसतं. तो बिचारा ग्राफिक्स कार्डाला सांगत बसतो, इथे झाड काढ, तिथे भिंत काढ. असा गेम हेडसेटमध्ये दाखवणारं हे आपलं सॉफ्टवेअर त्या दोघांच्या मधल्या जिन्यात उभं राहतं. आमच्या चाळीत ते तळमजल्यावरचे काका पोस्टमनकडून वरच्यांची पत्रं घ्यायचे, वाफेवर धरून उघडायचे, वाचायचे आणि खळ लावून परत पाठवायचे, आठवतात ना? अगदी तेच. फरक एवढाच, की हे पत्रात आपल्याही दोन ओळी घालतं : झाड एकदा डाव्या डोळ्यासाठी काढ, एकदा उजव्या. त्यासाठी ते आपली एक डीएलएल फाइल, म्हणजे प्रोग्रामचा सुटा तुकडा, चालू गेमच्या पोटात घुसवतं. आता कित्येक व्हायरसही हेच करतात. तेव्हा अँटीव्हायरसने त्याची मानगूट धरली तर त्याला तरी काय बोलायचं! माझ्याकडे त्याने ती फाइल न विचारता उचलून कोंडून ठेवली होती आणि मी तीनदा सगळं पुन्हा इन्स्टॉल केलं. तू आधी त्या कोंडलेल्या फायलींची यादी उघडून बघ. सापडली तर सोडव आणि त्या फोल्डरला सूट दे. मात्र सॉफ्टवेअर त्यांच्या मूळ जागेवरूनच उतरवलेलं असेल तरच. कुणी पेनड्राइव्हवर दिलेलं असेल तर अँटीव्हायरसचंच खरं मान.

त्या जिन्यात आणखी कोणी उभं नाही ना, तेही पाहा. गप्पांचं ॲप, सेकंदाला किती फ्रेम म्हणजे चित्रं निघतात ते मोजणारा प्रोग्राम, स्क्रीन रेकॉर्ड करणारं काहीतरी, हे सगळे त्याच पत्रावर टपलेले असतात. सगळ्यांना बाहेर काढ. आणि गेम ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालत असेल तर सॉफ्टवेअरही तसंच चालव, नाहीतर विंडोज त्याला आत पाऊल टाकू देत नाही. ऑनलाइन, चारचौघांत खेळायच्या गेमवर मात्र हा प्रयोग चुकूनही नको. तिथले लबाडी पकडणारे पहारेकरी प्रोग्राम पोटात घुसलेली फाइल बघतात, हेतू विचारत नाहीत. खातं कायमचं बंद होऊ शकतं.

एवढं करूनही नाही जमलं तर लॅपटॉपमधली दोन ग्राफिक्स बघ. एक प्रोसेसरमधलंच, मिळमिळीत. दुसरं वेगळं, दमदार. माझे दोन रविवार इथे बुडाले. विंडोज वीज वाचवायच्या नादात गेम मिळमिळीतावर चालवत होतं. डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये ग्राफिक्स म्हणून पान आहे, तिथे त्या गेमला जास्त ताकदीचं कार्ड नेमून दे. आणि काय करशील ते एका वेळी एकच कर. मी पहिल्या आठवड्यात चार-चार सेटिंग एकदम फिरवायचो. एकदा चित्र आलं, पण कशामुळे आलं ते कळलंच नाही, आणि दुसऱ्या दिवशी गेलं तेव्हा मी होतो तिथेच. मग वही घातली. डाव्या बाजूला काय बदललं, उजव्या बाजूला काय झालं. बायको म्हणते, दुधाचा हिशेब कधी एवढा नीट ठेवला नाहीस.

चित्र आल्यावर पुढची फजिती म्हणजे मळमळ. गेमची मांडणी आडव्या पडद्याची असते, तो साधारण ६० ते ९० अंशांचं दृश्य दाखवतो. हेडसेट १०० अंशांच्या आसपास डोळे व्यापतो आणि प्रत्येक डोळ्यापुढचं चित्र जवळजवळ चौकोनी असतं. मग गेमचं दृश्य ताणलं जातं, तुझी मान ३० अंश वळते आणि जग ४० अंश फिरतं. पोट लगेच निषेध नोंदवतं. म्हणून गेमचं रिझोल्यूशन ४:३ ठेव, १६०० बाय १२०० पुष्कळ झालं, आणि दृश्याचा कोन वाढवता येईल तेवढा वाढव. जुन्या गेममध्ये मान वळवणं हे माउस हलवण्यात रूपांतरित होतं, तेव्हा माउसचं ॲक्सिलरेशन, म्हणजे झटक्यात हलवला की जास्तच धावणं, आधी बंद कर. हलतं चित्र पुसट करणारा मोशन ब्लरही घालव. फ्रेम अडखळली तरी तोच त्रास. ९० हर्ट्‌झला, म्हणजे सेकंदाला ९० फ्रेम असताना, एका फ्रेमसाठी जेमतेम ११ मिलिसेकंद मिळतात, ७२ला १४च्या आत. तुझ्या लॅपटॉपला ७२ सोसेल. वायफायचा हट्ट धरू नकोस, केबल लाव. माझ्या इमारतीत तर हवेत वायफायची नुसती मासळी बाजारासारखी ओरड आहे.

हो, आणि ओटीवरचा तो मोठा आरसा झाकून ठेव. हेडसेटचे कॅमेरे खोलीतल्या खुणा बघून आपण कुठे आहोत ते ठरवतात, आरशात त्यांना दुसरी खोली दिसते. माझ्या लोखंडी कपाटाच्या आरशापायी मी बसल्या जागी दोन फूट वर तरंगत होतो. आता खेळायच्या आधी त्यावर आईची जुनी साडी टाकतो. आई हेडसेटला झापडं म्हणते. "झापडं लावलीस का रे? मग दाराची कडी मीच काढते."

आता थ्रीडी. यात दोन पद्धती असतात. एकीत प्रत्येक फ्रेम खरोखर दोनदा काढली जाते, डाव्या डोळ्याच्या जागेवरून एकदा, उजव्याच्या जागेवरून एकदा. दिसतं सुरेख, पण कार्डाचा घाम निघतो, आणि काही गेममध्ये सावल्या दोन डोळ्यांत दोन ठिकाणी पडतात. मग सावल्या बंद. दुसरीत फ्रेम एकदाच काढतात. कोणता ठिपका किती लांब आहे याची नोंद कार्डाकडे असतेच, तिच्यावरून ठिपके डावी-उजवीकडे सरकवून दुसरं चित्र रचतात. स्वस्त, पण जवळच्या वस्तूंच्या कडेला पाण्यात बघितल्यासारखी थरथरती किनार दिसते.

असं म्हणतात. कारण मला यातलं काहीच दिसत नव्हतं. ना सुरेख, ना किनार. आपल्या कॅफेतला तो जंगलाचा जुना गेम, ज्यासाठी आपण रुपारेलची लेक्चरं बुडवून तासाचे पैसे मोजले, तो मला डोळ्यांवर चिकटवलेल्या कॅलेंडरसारखा सपाट दिसे. हेडसेटसाठीच बनवलेले गेम मात्र झकास दिसायचे, म्हणजे हेडसेट ठीक. मग दोष सॉफ्टवेअरचाच, नाही का? पद्धत बदलली. कार्ड चालवणारा ड्रायव्हर प्रोग्राम जुना केला, नवा केला. हेडसेटमधलं दोन बुबुळांमधलं अंतर मोजून लावलं, ६३ मिलिमीटर. शेवटी थ्रीडीची तीव्रता वाढवत वाढवत टोकाला नेऊन ठेवली. वहीची अकरा पानं भरली आणि उजव्या बाजूला अकरा पानं एकच शब्द : सपाट.

मे महिन्यात भाचा राहायला आला. मी त्याला झापडं लावली. त्याने "मामा, झाड नाकात घुसतंय!" म्हणून आरोळी ठोकली, दोन्ही हात पुढे केले, आणि मिनिटभरात आईच्या ताज्या पुसलेल्या फरशीवर दुपारचा आमरस बाहेर आला. ताई माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. मी फरशी पुसत होतो, पण डोक्यात एकच घुमत होतं. झाड ह्याच्या नाकात घुसतं. माझ्या का नाही?

चष्म्याचा नंबर तपासून येतो असं घरी सांगून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी एकेक डोळा झाकून अक्षरं वाचायला लावली. उजव्याने खालच्या ओळीपर्यंत पोचलो, डाव्याने तिसऱ्या ओळीला अडकलो, कोणतीही काच घातली तरी तिथेच. मग एक काळा चष्मा दिला आणि पुस्तकातल्या मोठ्या माशीचं चित्र पुढे ठेवलं. म्हणाल्या, "हिचे पंख चिमटीत पकडा." मी कागदावर बोटं टेकवली. त्यांनी हसून स्वतःचा हात दाखवला, कागदाच्या चांगला वर, हवेत. पंख तिथे असतात म्हणे, ज्यांना दिसतात त्यांना. याला आळशी डोळा म्हणतात. लहानपणीच चांगला डोळा पट्टीने झाकून ह्याला कामाला लावलं असतं तर सुधारला असता. आता ह्या वयात फारशी आशा नाही.

नंदू, आता कबुली. गिरगावात तुझ्या मावशीकडे दिवाळीच्या सुट्टीत मस्कतहून तो व्ह्यू-मास्टर, डोळ्यांना लावून चित्रं बघायचं खेळणं, आला होता. लाल रंगाचा, गोल चकतीवर १४ चित्रं, म्हणजे दोन डोळ्यांसाठी ७ जोड्या. आपण रांग लावली होती. प्रत्येक जण बघायचा आणि ओरडायचा, हत्तीची सोंड बाहेर आली! माझी पाळी आली तेव्हा मला हत्ती दिसला, मागे डोंगर दिसला. बाहेर काही आलं नाही. मी तरी "आली, आली" म्हणालो आणि मान मागे घेतली. तू विचारलंस, केवढी आली? मी हाताने दाखवली. दोन डोळ्यांना किंचित वेगळी चित्रं दिली की खोली दिसते, हे चार्ल्स व्हीटस्टनने १८३८ साली सांगून ठेवलंय. मला ते गेल्या महिन्यात, ४६व्या वर्षी, माशीपुढे बसून कळलं. आणि शिवाजी पार्कात माझ्या हातून सुटलेले झेल? त्यातले निम्मे तरी आता माफ करून टाक.

मग हेडसेटचे गेम मला झकास का दिसायचे? डॉक्टरांना त्यातलं काही सांगता आलं नसतं, ते मी वही घेऊन बसल्यावर उलगडलं. त्या गेममध्ये मी डोकं नुसतं वळवत नाही, हलवतोही. जरा डावीकडे झुकलो की जवळचा खांब पटकन सरकतो, लांबचा डोंगर जागीच राहतो. लोकलच्या दारात उभं राहिल्यावर रुळालगतचे खांब धावतात आणि मागच्या इमारती रेंगाळतात, तसं. त्याला एक डोळा पुरतो. मी रस्ता ओलांडतो, जिना उतरतो, ते बहुधा याच भांडवलावर. आपल्या जुन्या गेममध्ये मान फक्त माउस होते, झुकलेलं त्याला कळतच नाही. तिथे खोली येते ती निव्वळ दोन डोळ्यांच्या फरकातून, आणि तो फरक माझ्यापर्यंत पोचत नाही. सॉफ्टवेअर पहिल्या दिवसापासून चोख काम करत होतं. मी मनातल्या मनात त्याला काय काय शिव्या दिल्या होत्या!

मी आता त्या गेमचं थ्रीडी बंदच करून टाकलंय. दोनदा काढायची फ्रेम एकदा काढायची, त्यामुळे माझ्या जुन्या कार्डावरही तो लोण्यासारखा चालतो. सॉफ्टवेअरमध्ये आभासी थिएटर आहे, त्यात प्लाझाच्या बाल्कनीत बसल्यासारखं मोठ्या पडद्यावर खेळतो. आणि नव्या गेमपैकी जे अनरियल इंजिन या गेम बनवायच्या तयार सांगाड्याच्या ४थ्या-५व्या आवृत्तीवर बनलेत, त्यांच्यासाठी यूईव्हीआर नावाचं मोफत साधन घेतलंय. त्या इंजिनच्या पोटात दोन डोळ्यांसाठी चित्र काढायची सोय मुळातच असते, हे तिला जागं करतं, आणि डोकं झुकवलेलंही गेमपर्यंत पोचवतं. परवा एका पडक्या वाड्यात खांबाआडून वाकून बघितलं. खांब सरकला, मागचं अंगण उघडं पडलं. मी अर्धा तास पुढे गेलोच नाही, नुसता खांबाच्या या बाजूने, त्या बाजूने. आई म्हणाली, कंबर धरेल.

गणपतीला येतोच आहे. गाडीची तिकिटं वेटिंगवर आहेत, पण लॅपटॉप आणि केबल आतापासून पिशवीत भरून ठेवलीय. तू तेवढ्यात अँटीव्हायरसचं आणि दोन ग्राफिक्सचं बघून ठेव, थ्रीडीची तीव्रता कमीत कमीवर ठेव, आणि जेवल्याबरोबर लावू नकोस. तुझा गेम तुझ्या दोन धड डोळ्यांनी नीट लागला की मला शेजारी बसवून सांग, फांदी किती पुढे येते, पाऊस डोळ्यांसमोर पडतो की पलीकडे.

आणि त्या सोंडेचंही. मी तेव्हा हातभर दाखवली होती. खरी केवढी होती?

तुझा,
अव्या