कॅम्परच्या पलंगाला शिडी नको, पायऱ्या हव्यात

महोदय,

ऑस्ट्रेलियात डिसेंबर-जानेवारी हा उन्हाळी सुटीचा काळ. महाराष्ट्रातून मुलांकडे येणारे आई-वडील बहुधा याच दिवसांत इथे असतात. सुटी लागली की सगळे कुटुंब गाडीला कॅम्पर ट्रेलर (उघडला की तंबू आणि पलंग होणारी, गाडीमागे ओढायची चाकांची पेटी) जोडून समुद्रकाठच्या विल्सन्स प्रॉमंटरी या राष्ट्रीय उद्यानात नाहीतर ग्रॅम्पियन्सच्या डोंगरात चार दिवस राहायला जाते. ट्रेलरमधला मोठा पलंग मोठ्या मायेने आई-बाबांना दिला जातो. मुले-नातवंडे खाली जमिनीवर झोपतात. हे चुकते कुठे, ते आपल्या वाचकांना कळावे म्हणून हे पत्र. भारतातून निघण्यापूर्वी आई-बाबांनी वाचावे आणि ऑस्ट्रेलियातल्या मुलांनाही दाखवावे.

आधी उंचीचा अंदाज घ्या. कॅम्पर ट्रेलरचा पलंग ट्रेलरच्या पेटीवर असतो. खाली चाके आणि सामानाचे कप्पे, वर गादी. गादी दाबून मोजले तर जमिनीपासून साधारण १०५ सेंटिमीटर भरतात. आपल्या घरचा स्वयंपाकाचा ओटा ८५ सेंटिमीटरच्या आसपास असतो. म्हणजे ओट्याहून वीतभर उंच जागी झोपायचे आणि रात्री तिथून उतरायचे. ट्रेलरनुसार हा आकडा दहा-पंधरा सेंटिमीटर कमी-जास्त होतो, म्हणून आपला ट्रेलर मोजूनच घ्यावा. मोजताना कडेला कुणाला तरी बसवावे. १२ सेंटिमीटरची फोमची गादी कडेला माणूस बसला की निम्म्याहून खाली दबते आणि रिकाम्या गादीवर घेतलेले माप फसवते.

बहुतेक ट्रेलरबरोबर वर आकडे (हूक) असलेली एक शिडी मिळते. पलंगाच्या चौकटीत अडकवायची, काम झाले की काढायची. हलकी, स्वस्त, गादीखाली सपाट मावणारी. तिशीतला माणूस तिच्यावरून सहज वर जातो, म्हणून विकत घेताना तिची परीक्षाच होत नाही. खरी परीक्षा रात्री दोन वाजता असते. अंधार आहे, कॅनव्हासच्या आत दव धरले आहे, ॲल्युमिनियम गार आणि ओले झाले आहे, चष्मा उशाशी राहिला आहे आणि बाथरूमला जायची घाई आहे. तेव्हा साठी-सत्तरीतला माणूस पलंगावर पालथा होऊन, पाय खाली सोडून, न दिसणारी दांडी चाचपडतो. शिडी किंवा पायऱ्या निवडताना चढण्याचा नव्हे, या उतरण्याचा विचार करावा. आमचे सगळे म्हणणे या एका गोष्टीभोवती आहे.

शिडीत बिघडते काय, ते सांगतो. पहिली गोष्ट म्हणजे दांडी. ती २५ ते ३० मिलिमीटरची गोल नळी असते. अनवाणी पावलाच्या मधल्या खोलगट भागात सगळे वजन त्या एका रेषेवर येते आणि कळ येते. टाचदुखी असणाऱ्याला तर ते सहनच होत नाही. ज्यांना वर्षानुवर्षांचा मधुमेह आहे त्यांच्या तळव्यांची संवेदना कमी झालेली असू शकते. दांडी पायाखाली आली की नाही हेच त्यांना नीट कळत नाही आणि पाय पुढे सरकतो. काही जण नळीवर फोमचे वेष्टण चढवतात. तसे करू नये. वेष्टण नळीभोवती गोल फिरते आणि पाय आणखी घसरतो. शिडीच वापरायची असेल तर दांड्यांवर ८ सेंटिमीटर रुंद सपाट पट्ट्या बोल्टने पक्क्या कराव्यात आणि त्यांवर खरबरीत रबरी पट्टी चिकटवावी. सँडपेपरसारखी पट्टी बुटांसाठी ठीक, अनवाणी पायाला ती सोलून काढते.

दुसरी गोष्ट कोन. शिडीची उंची चार असेल तर तिचा पाया भिंतीपासून एक अंतरावर, हा जुना नियम आहे. १०५ सेंटिमीटर उंचीला पाया सुमारे २६ सेंटिमीटर बाहेर. इतक्या उभ्या शिडीवरून तोंड शिडीकडे करूनच उतरावे लागते, म्हणजे पाठमोरे, खालचे काही न दिसता. गुडघे शिडीवर आपटतात म्हणून लोक पाया आणखी बाहेर ओढतात. मग शिडी जास्त तिरपी होते, तिचे पाय सरकू लागतात आणि आकडे चौकटीतून उचलले जातात.

तिसरे कारण सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. ट्रेलर स्प्रिंगांवर उभा असतो आणि शिडीचे पाय जमिनीवर. माणूस पलंगाच्या कडेला आला की ती बाजू थोडी खाली बसते, शिडी मात्र बसत नाही. प्रत्येक खेपेला आकडा चौकटीवर किंचित घासतो आणि पाय किंचित बाहेर सरकतात. दहा वेळा काही होत नाही, अकराव्या वेळी आकडा सुटतो. म्हणून ज्या बाजूने चढउतार आहे त्या बाजूचे ट्रेलरचे दोन्ही टेकू (पेटीखालून जमिनीवर सोडायचे पाय) आधी घट्ट खाली घ्यावेत आणि आकड्याला आरपार पिन किंवा पट्टा लावावा. शिडीच्या रबरी टोप्या झिजल्या असतील तर बदलाव्यात. नुसती नळी तंबूच्या व्हिनाइलच्या जमिनीला भोक पाडते. विल्सन्स प्रॉमंटरीतल्या टायडल रिव्हरच्या तंबूतळासारख्या रेताड जागी तर दोन पाय वेगवेगळे रुततात आणि शिडी तिरकी होते. दोन्ही पायांखाली मिळून १२ मिलिमीटर प्लायची एकच फळी ठेवली की हा प्रश्न बराच मिटतो.

आता पायऱ्यांबद्दल. इथे एक गोष्ट समजली की निवड सोपी होते. पलंगाच्या उंचीपर्यंत चढायचेच नसते. आपण पलंगावर उभे राहत नाही, बसतो. खुर्चीची बैठक साधारण ४५ सेंटिमीटर उंच असते. तेव्हा १०५ मधून ४५ वजा करा, उरले ६०. साठ सेंटिमीटर उंचीवर पाठ वळवता येईल एवढी जागा मिळाली की काम झाले. वर या, वळा, खुर्चीत बसतो तसे पलंगावर बसा, मग पाय वर घ्या. उतरताना उलट. पाय लोंबकळत ठेवून चाचपडणे नाही, पालथे होणे नाही.

साठ सेंटिमीटरचे तीन भाग केले तर प्रत्येक पायरी २० सेंटिमीटर चढाची. आपल्याकडे घरातल्या जिन्याला १९ सेंटिमीटरपर्यंत चढ चालतो, त्यामुळे वीस अंगवळणी पडायला वेळ लागत नाही. २५च्या वर गेलात तर दुखऱ्या गुडघ्याला ते लगेच जाणवते. पहिल्या दोन पायऱ्या २५ सेंटिमीटर खोल, म्हणजे पूर्ण पाऊल टेकेल अशा. तिसरी मात्र पायरी नव्हे, ओटाच समजा: ५० सेंटिमीटर खोल आणि ६० रुंद. दोन्ही पावले शेजारी ठेवून वळायला त्याहून कमी जागा पुरत नाही. तंबूत एकूण मीटरभर लांबी लागते. ज्या ट्रेलरचा तंबू बाजूला जमिनीवर पसरतो त्यात एवढी जागा असते. फक्त खुर्च्या-टेबल हलवावे लागते, ते हलवावे.

तयार मिळणाऱ्या वस्तूंत दोन पायऱ्यांचे घडीचे स्टूल सर्वात खपते आणि या कामाला तेच सर्वात अपुरे. त्याची वरची पायरी साधारण ४५ सेंटिमीटरला येते, म्हणजे पलंग अजून ६० वर राहतो. त्यावर बसता येत नाही, उडी मारून टेकावे लागते आणि त्या धक्क्याने स्टूल मागे सरकते. तीन पायऱ्यांचे, वर कमरेइतका कठडा असलेले स्टूल बरे. त्याची वरची पाटी अरुंद असते, पण हाताला आधार असल्याने वळणे जमते. दुर्बिणीसारख्या सरकत्या शिड्या या कामाला अजिबात घेऊ नयेत. बंद करताना बोटे सापडतात आणि रेती गेली की खटके अर्धवट लागतात. प्लास्टिकचे खोके उलटे टाकून केलेली पायरी तर पायरीच नव्हे.

घरी बनवून घ्यायची असेल तर वजनाचा हिशेब करा. १८ मिलिमीटरची प्लाय चौरस मीटरला ११-१२ किलो भरते आणि अशा पायऱ्यांना सहज दोन चौरस मीटर लागते. वीस-पंचवीस किलोचे ओझे रोज कोण उचलणार? शिवाय ते ट्रेलरच्या भारात धरले जाते. ॲल्युमिनियमची चौकट आणि फक्त पाट्या प्लायच्या केल्या तर वजन निम्म्यावर येते. विकत घेताना लेबलवरचा भारक्षमतेचा आकडा वाचा. इथे घरगुती शिडीला १०० किलोची आणि कामाच्या शिडीला १२० किलोची मर्यादा लिहिलेली असते. आजोबा ८५ किलोचे आणि कडेवर १४ किलोचा नातू, की ९९ झाले. १२० किंवा जास्तच घ्यावी. खरे तर नातवाला कडेवर घेऊन चढूच नये, आणि त्याला वर झोपवूही नये. दुमजली पलंगाच्या वरच्या मजल्यावर नऊ वर्षांखालच्या मुलांना झोपवू नये, असा ऑस्ट्रेलियातल्या ग्राहक सुरक्षा यंत्रणेचा सल्ला आहे. तोच इथे लावावा.

हाताला काय धरायचे, याकडे सर्वात कमी लक्ष दिले जाते. वर चढताना माणूस आपसूक तंबूची कमान धरतो. ती कमान कापड ताणण्यासाठी असते, माणूस तोलण्यासाठी नसते. जोर आला की खोबणीतून निघते. पेटीच्या भिंतीला उभी मूठ बसवून घ्यावी. ३० ते ३५ मिलिमीटर जाडीची, निदान ४५ सेंटिमीटर लांब, म्हणजे पायरीवरून आणि गादीवरून दोन्हीकडून हाताशी येईल. पत्रा दीड-दोन मिलिमीटरचाच असतो, त्यात साधे स्क्रू किंवा रिव्हेट टिकत नाहीत. आठ मिलिमीटरचे आरपार बोल्ट घ्यावेत आणि आतून जाड पट्टी लावावी. तंबू मिटताना आड येत असेल तर खाचेतून काढता येणारी मूठ करावी. कोणत्या हाताच्या बाजूला हवी, हे आई-बाबांनाच विचारावे. ज्याचा उजवा खांदा दुखतो त्याला उजवीकडची मूठ काय कामाची?

प्रकाशासाठी घोट्याच्या उंचीवर, हालचालीने लागणारा मंद पिवळा दिवा पुरतो. डोक्यावरचा पांढरा दिवा डोळे दिपवतो आणि पायऱ्यांवर आपलीच सावली पाडतो. प्रत्येक पायरीच्या कडेला पांढरी पट्टी लावावी. बायफोकल (जवळचा-लांबचा एकत्र) चष्म्यातून खाली पाहिले की पायरी धूसर दिसते, तेव्हा ही पट्टी उपयोगी पडते. चपला शेवटच्या पायरीच्या पायथ्याशी नव्हे, हातभर बाजूला ठेवाव्यात. पायघोळ गाऊन आणि लुंगी रात्रीपुरती नकोच. गुडघा दुखत असेल किंवा बदललेला असेल तर चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी.

हे सगळे जमत नसेल तर अदलाबदल करावी. आई-बाबांना खाली, गुडघ्याच्या उंचीच्या घडीच्या खाटेवर जाड गादी घालून द्यावी आणि तरुणांनी वर झोपावे. त्यात कमीपणा काही नाही.

निघण्यापूर्वी मुलांना दोन गोष्टी कळवाव्यात. खुर्चीवर पावले टेकवून बसल्यावर गुडघ्यामागच्या लवणीपासून जमिनीपर्यंत किती सेंटिमीटर भरतात, हा एक आकडा. वर ४५ धरले आहेत, पण आई बुटकी असेल तर ३८-४० भरतील आणि वरचा ओटा तेवढा उंच करावा लागेल. दुसरे, सोसायटीचा जिना उतरताना कठड्याला हात लागतो का. लागत असेल तर मूठ एकीकडे पुरणार नाही, दोन्ही बाजूंना बसवावी लागेल.

आपले,
कॅम्पर ट्रेलरच्या बांधणी-दुरुस्तीचे काम करणारे काही वाचक, मेलबर्न