रात्रपाळीतली नर्स

ती. आई-बाबा,
सा. न.

आई, गेल्या वर्षी मी अचानक फोन करून तुला विचारलं होतं, रात्रपाळी संपताना नर्स शेवटचं काम काय करते? तू म्हणालीस, "पुढच्या पाळीला चार्ज देते. मग कळतं, पाय दुखतायत." कशाला हवंय हे म्हणालीस, तेव्हा मी थाप मारली. आज खरं सांगते.

मी गोष्टी लिहिते. गोष्ट माझी, माणसं मात्र उसनी. 'स्टार ट्रेक' ही अंतराळयानावरची अमेरिकन टीव्ही मालिका १९६६ साली सुरू झाली आणि १९६९ साली बंद पडली. तिच्यात चॅपल नावाची एक नर्स आहे. संशोधनातलं काम सोडून, हरवलेल्या होणाऱ्या नवऱ्याला शोधायला म्हणून यानावर आलेली. मग यानावरच्या स्पॉक नावाच्या अधिकाऱ्यावर जीव जडतो. एका भागात ते ती बोलूनही दाखवते, पण तेही आजाराच्या भरात! ड्यूटी संपल्यावर ही बाई करते काय, हे कोणी दाखवतच नाही. ते मला छळत राहिलं, म्हणून लिहिलं. याला फॅन फिक्शन म्हणतात.

बाबा, तुम्ही म्हणाल, आयत्या बिळावर नागोबा. म्हणा. पण नागोबांची संख्या बरीच आहे आणि परंपराही जुनी. मालिका चालू असतानाच, १९६७ साली, चाहत्यांनी 'स्पॉकानेलिया' नावाचा हौशी अंक काढला होता. पुढे असे कितीतरी अंक निघाले, टाइप करून, सायक्लोस्टाइल करून, टपालाने घरोघर जाणारे. लिहिणाऱ्या बहुतेक बायकाच. स्वतःची थट्टा करायलाही त्या कचरल्या नाहीत. १९७३ साली पॉला स्मिथ यांनी 'मेरी सू' ही साडेपंधरा वर्षांची लेफ्टनंट उभी केली, सर्वगुणसंपन्न, सगळ्यांची लाडकी, शेवटी मरणारी. कारण नव्याने लिहिणारी प्रत्येक जण स्वतःलाच यानावर चढवत होती. माझी पहिली गोष्ट वेगळी नव्हती. ती मी कोणालाही दाखवणार नाही, तुम्हालाही नाही.

पैसे? एक छदाम नाही. पात्रं दुसऱ्यांच्या मालकीची, त्यामुळे विकायचं नाही हा अलिखित नियम. जिथे मी लिहिते ते 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन' हे संकेतस्थळ स्वयंसेवकच चालवतात. २०१९ साली त्याला ह्यूगो हा विज्ञानकथांच्या जगातला मानाचा पुरस्कार मिळाला. (हे बाबांसाठी. पुरस्कार म्हटलं की तुमचा चेहरा जरा सैल होतो.)

गोष्ट टाकण्याआधी ती कोणीतरी तपासतं, त्याला बीटा म्हणतात. माझी बीटा मी कधी पाहिलेली नाही. एका परिच्छेदाशेजारी तिने एवढंच लिहिलं होतं, "चॅपल इथे रडणार नाही. ती आधी हात धुवेल." दोन दिवस मी चिडले होते. मग रडणं काढलं, हात धुतले. वसतिगृहात असताना माझी पत्रं लाल शाईने दुरुस्त करून परत पाठवणारे तुम्हीच, बाबा, त्यामुळे सवय होती.

आई, त्या गोष्टीचं शेवटचं वाक्य तुझं आहे. चॅपल चार्ज देते, आणि मग तिला कळतं, पाय दुखतायत. खाली एकीने लिहिलंय, "मी नर्स आहे. हे वाचलं आणि बूट काढून बसले."

पुढच्या गोष्टीसाठी एक हवंय. पेशंट गेल्यावर त्याची खाट कोण आवरतं, आणि तेव्हा एकमेकींशी काही बोलता का? सवडीने लिही.

गोष्ट मराठीत करून सोबत जोडली आहे. बाबा, लाल पेन शोधून ठेवा.

तुमची,
सुमी