दुर्लक्ष नव्हे, फार बारीक लक्ष

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

प्रशांत महासागरातील दूरच्या बेटांवरील वसाहतींच्या कारभाराविषयी आपल्या रविवारच्या पुरवणीत आलेला लेख वाचला. इतक्या दूरची बेटे लंडनहून सांभाळणे अशक्य होते आणि त्यामुळे तेथील लोकांच्या वाट्याला दुर्लक्ष आले, असा लेखाचा रोख आहे. गिल्बर्ट आणि एलिस या ब्रिटिश वसाहतीतील बहुतेक बेटांना हे लागू पडते. मोजके अधिकारी, महिनोन्महिने न फिरकणारे जहाज आणि खोबऱ्याच्या रूपात भरलेला कर एवढ्यावर तेथला कारभार चाले. मात्र त्याच वसाहतीत बनाबा, म्हणजे ब्रिटिशांचे ओशन आयलंड, हेही बेट होते आणि त्याच्यावर सरकारचे लक्ष फार बारीक होते, ही बाब लेखातून निसटली आहे.

जेमतेम ६ चौरस किलोमीटरच्या या बेटावर १९०० साली आल्बर्ट एलिस यांना खतासाठी लागणारे उत्तम प्रतीचे फॉस्फेट सापडले. त्यांच्या कंपनीने वर्षाला ५० पौंड किंवा तेवढ्या किमतीचा माल, या मोबदल्यात ९९९ वर्षांचा हक्क लिहून घेतला. कागदावर एका बेटवासीयाला ‘राजा’ म्हटले होते. वास्तविक सगळ्या बेटाची जमीन लिहून देऊ शकेल असा राजा तेथे नव्हता, जमिनीचे तुकडे कुटुंबाकुटुंबांच्या मालकीचे होते. पुढच्याच वर्षी बेट ब्रिटिश अमलाखाली आले आणि १९०८ साली गिल्बर्ट व एलिस बेटांच्या कारभाराचे मुख्यालयच गिल्बर्ट बेटांतील तारावाहून येथे हलवण्यात आले. ज्या बेटाचे फॉस्फेट वसाहतीची तिजोरी भरत होते, त्याच बेटावर निवासी आयुक्त, म्हणजे कारभाराचे प्रमुख अधिकारी, राहू लागले, हा योगायोग म्हणता येणार नाही.

१९२० पासून ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या तीन सरकारांनी कंपनी विकत घेऊन खाणी स्वतःच चालवायला घेतल्या. उद्देश नफ्याचा नव्हता, तर ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमधील शेतकऱ्यांना खत उत्पादनखर्चात मिळावे हा होता. ऐकायला हे निःस्वार्थी वाटते. पण माल बाजारभावाने विकलाच जात नसेल, तर जमीनमालकाने आपले स्वामित्वधन कोणत्या भावावर मागायचे? शिवाय घेणारे सरकार, भाव ठरवणारे सरकार आणि बेटवासीयांचे हित पाहणारेही सरकारच. १९२८ साली बनाबी लोकांनी आणखी सुमारे १५० एकर जमीन द्यायला नकार दिला, तेव्हा ती सक्तीने घेण्याची तरतूद करणारा कायदा झाला. निवासी आयुक्त आर्थर ग्रिंबल यांनी ब्वाकोनिकाई गावाला उघड धमकीचे पत्र लिहिले. (हेच ग्रिंबल पुढे रेडिओवरून बेटांच्या रसाळ आठवणी सांगून ब्रिटनमध्ये लोकप्रिय झाले.)

यानंतरचा भाग लेखात दोन ओळींत आटोपला आहे, म्हणून तो थोडा विस्ताराने लिहितो. १९४२ साली जपानने बेट घेतले आणि लोकांना कोसराए, नाउरू, तारावा येथे पांगवले. त्याच वर्षी फिजीची राजधानी सुवा येथील ब्रिटिश पश्चिम प्रशांत उच्चायुक्तालयाने बनाबी लोकांच्याच फॉस्फेट निधीतून फिजीमधील रांबी बेट विकत घेऊन ठेवले होते. युद्ध संपल्यावर हे लोक घरी परतले नाहीत. आपले बेट आता राहण्याजोगे नाही असे सांगून १५ डिसेंबर १९४५ रोजी सुमारे १००० माणसांना, त्यांतले ७०० बनाबी, वादळांच्या ऐन हंगामात रांबीवर तंबूंत उतरवले गेले. ते दोन हजारांहून अधिक किलोमीटर दूर गेल्यावर, १९४७ साली, बनाबावरील उरलेल्या बहुतेक खाणयोग्य जमिनीचा करार उरकण्यात आला.

पुढे बनाबी लोकांनी ब्रिटिश सरकारवर लंडनच्या न्यायालयात दावा लावला, त्याचा निकाल १९७६ साली न्या. मेगॅरी यांनी दिला. ते स्वतः बेट पाहून आले होते आणि सरकारी वागणुकीवर त्यांनी कठोर शब्दांत टीकाही केली. तरीही सरकारचे विश्वस्तपण हे राजकीय कर्तव्य आहे, न्यायालयात बजावून घेता येईल असा कायदेशीर विश्वस्तभाव नव्हे, असे ठरले. खणलेल्या जमिनीवर पुन्हा झाडे लावण्याचे वचन मोडल्याबद्दल नाममात्र भरपाई मिळाली. त्यानंतर तिन्ही सरकारांनी कोणतीही जबाबदारी न स्वीकारता १ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर देऊ केले. १९७९ साली खाणकाम थांबले, त्याच वर्षी किरिबाती (उच्चार ‘किरिबास’, ‘गिल्बर्ट्स’चेच हे स्थानिक रूप) स्वतंत्र झाला आणि खणून पोखरलेले बनाबा त्याच्या हद्दीत गेले. पूर्वी दुष्काळात या बेटाला जमिनीखालच्या गुहांतील पाणी तारत असे, आणि त्या गुहांत उतरण्याचा हक्क फक्त बायकांचा होता. आता तेथे राहणारी थोडी कुटुंबे समुद्राचे पाणी गोडे करणाऱ्या यंत्रावर विसंबून आहेत.

लेखमालेच्या पुढील भागात शेजारचे नाउरू येणार असेल, तर एक फरक जरूर मांडावा. नाउरू १९६८ साली स्वतंत्र राष्ट्र झाले, म्हणूनच ते १९८९ साली ऑस्ट्रेलियाला आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचू शकले आणि १९९३ साली १०.७ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरची तडजोड मिळवू शकले. बनाबी लोकांना ते दार कधीच उघडे नव्हते.

आपला,
एक नियमित वाचक